विरलेलं की तलम

"आधी उजेडाला धर, मग बोल."

आत्याचं हे बोलणं आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. कुणी फाटका कोट घेऊन यायचं, दारातूनच रडगाणं सुरू करायचं की हा गेला, आता याचं काही होत नाही. आत्या मान वर न करता एवढंच म्हणायची. मग तो माणूस कोट खिडकीशी धरायचा, भोकातून उजेड आत यायचा, आणि भोक वाटलं होतं त्याहून लहान निघायचं. निदान तसं वाटायचं तरी.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. रफूचं काम करायची. जिन्याखालची एक खोली, तिला एकच खिडकी, आणि त्या खिडकीत कधी ऊन येत नसे, पण दिवसभर सारखा, शांत उजेड असे. ऊन खोटं बोलतं, असं आत्या सांगायची, उन्हात सगळेच धागे एका रंगाचे दिसतात. खिडकीजवळ ठेंगणी खुर्ची. कापड काळं असेल तर मांडीवर पांढरं फडकं, कापड पांढरं असेल तर काळं. दोन ओठांत सुई. म्हणून बोलणं कमी.

कोटाला भोक पडलं तर त्याच कोटाच्या आतल्या शिवणीत, शिंपी जिथे जादा कापडाची माया सोडतो तिथून, ती धागा उपसून काढायची. बाजारातला धागा कितीही जुळता असला तरी ती घेत नसे. आधी उभे धागे भरायचे, मग त्यांच्या खालून-वरून आडवे. काम संपलं की कापड गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि म्हणायची, शोधा. गिऱ्हाईक शोधत बसायचं. आत्याच्या तोंडावर तेव्हा जे काही असे, त्याला हसू म्हणायचं की गर्व, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

हे काम तिला आजोबांनी शिकवलं. आजोबाही रफूच करायचे, आणि शेवटी आंधळे झाले. ते एका दिवसात झाले नाहीत. आत्या तेव्हा तरुण होती आणि त्यांच्या शेजारी बसून काम करायची. लख्ख दिवस असला तरी आजोबा म्हणायचे, आज आभाळ भरून आलंय वाटतं. सुरुवातीला ती हो म्हणायची. मग एकदा त्यांच्या हातून कोट गेला तो वाटाण्याएवढी गाठ घेऊन. गिऱ्हाइकाने तो घातला, छान झालंय म्हणाला आणि पुन्हा कधी फिरकला नाही. आत्याने त्या माणसाचा चेहरा पाहिला होता. लोक भांडतात तोवर बरं असतं, ती मला म्हणायची. लोक गप्प झाले की समजावं.

मी त्या खोलीच्या वरच्या मजल्यावर राहते, पावाच्या भट्टीत काम करते. नवरा दूरच्या बंदरावर नोकरीला, त्यामुळे आत्याला मी आणि मला आत्या. चष्म्याचा नंबर बदलला असं तिला वाटू लागलं तेव्हा मीच तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

तिथे नवीन मशीन आलं होतं. मशीन चालवणारी मुलगी मोठी हौशी. ती सगळ्यांना त्यावर बसवत होती, नव्या घोड्यावर बसवावं तसं. हनुवटी इथे टेकवा मावशी, कपाळ पट्टीला लावा, आतल्या हिरव्या फुलीकडे बघा, पापणी मिटू नका. आत्या म्हणाली, पापणी न मिटता बसायचाच माझा धंदा आहे. मुलगी हसली. डोळ्याला स्पर्श न करता आतला पडदा मोजतं हे, तिने सांगितलं, पडद्याची जाडी. मग कागद बाहेर आला.

कागदावर दोन गोल होते, एकेका डोळ्याचा एकेक, आणि गोलांचे भाग पाडलेले. बाहेरचे काही भाग हिरवे, काही पिवळे. मधला भाग लाल. दोन्ही डोळ्यांचा. मुलीचं हसू थांबलं. तिने कागद पालथा ठेवला, पुन्हा उचलला आणि हळूच म्हणाली, "मध्ये पडदा पातळ दाखवतोय. डॉक्टर पुढच्या आठवड्यात आहेत, त्यांना दाखवूनच घ्या."

पातळ हा शब्द तिने सहज वापरला. तिला काय माहीत, समोर बसलेल्या बाईचं सगळं आयुष्य त्या एका शब्दाभोवती गेलंय ते.

कापड फाटण्याआधी पातळ होतं. कोपराशी, गुडघ्याशी, जिथे रोज घासतं तिथे ते आधी विरतं. उजेडाला धरलं की त्या जागी जाळी दिसते. रफू करणाऱ्याला जाळी दिसली की पुढचं सांगावं लागत नाही. आज भोक नाही, उद्या आहे. आणि विरलेल्या कापडाला एकच उपाय, ते वापरायचं नाही. घडी घालून ठेवून द्यायचं.

आत्याने डोळे घडी घालून ठेवून दिले.

हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. भट्टीवरून आले तर खोलीचं दार लोटलेलं, खिडकीचा पडदा ओढलेला, आणि आत्या त्या ठेंगण्या खुर्चीत डोळ्यांवर काळं अस्तराचं कापड बांधून बसलेली. मला वाटलं, डोळे गेले. मी तिचा खांदा धरला तर ती शांतपणे म्हणाली, अगं जपतेय. जेवढे कमी वापरीन तेवढे टिकतील.

मी तिला सांगितलं की डोळा म्हणजे काही कोटाचा कोपर नव्हे. ती म्हणाली, कागद लाल आलाय तो तुझा की माझा? कागद तिने गादीखाली सरकवला होता, आणि मी नसताना ती तो काढून बघत असणार, कारण त्याचे कोपरे दर दिवशी जास्त मऊ होत होते.

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. घरात कुणी आजारी असलं की खोकला तरी ऐकू येतो. इथे काहीच आवाज नव्हता. ती भिंतीला हात लावून नळापर्यंत जायला शिकत होती. पेल्यात पाणी ओतताना बोट आत धरत होती, पाणी कुठवर आलं ते कळावं म्हणून. आजोबा तसंच करायचे. गिऱ्हाइकांचे कपडे तिने निरोप देऊन परत पाठवले. मी रात्री वर पडले की खाली कान लागलेला. मला वाटायचं, ती अंधाराची सवय करतेय आणि अंधारालाही तिची सवय होतेय.

समोर शिंप्याचं दुकान. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर आणि आत्या यांचं रोज वाजायचं. तो म्हणायचा, मी शिवतो म्हणून तुझं चालतं, बाई. ती म्हणायची, तुम्ही वाईट शिवता म्हणून माझं चालतं. त्या आठवड्यात त्याने एक राखाडी कोट आणला, बाहीवर सिगारेटने जळालेलं भोक. डोळ्यावरचं काळं कापड बघून त्याने थट्टा केली, काय बाई, आंधळी कोशिंबीर खेळताय एकट्याच? आत्याने काम घेणार नाही म्हणून सांगितलं. तो कोट खुर्चीवर टाकून गेला, म्हणाला, खेळून झालं की करा.

आणि तिने तो केला. डोळे बांधूनच. मी वर होते, मला पत्ता नाही. पुढे तिने सांगितलं की तिला बघायचं होतं, नुसत्या बोटांनी जमतं का. जमलं असतं तर मग काही भीती नव्हती, ती म्हणाली. शिवणीतून धागा उपसणं जमलं. सुई ओवणंही जमलं, जिभेच्या टोकावर सुईचं नेढं धरून. पण उभे धागे कुठले उचलले नि कुठले सोडले हे बोटांना कळेना. अंदाजाने ती भरत गेली, आणि कापड आवळत गेलं.

मास्तर न्यायला आला तेव्हा मी तिथे होते. त्याने बाही हातात घेतली. अंगठा भोकाच्या जागेवरून फिरवला. तिथे अंगठा अडला. मला दुरूनही दिसत होती, वाटाण्याएवढी गाठ.

जो माणूस वीस वर्षांत आत्याशी एक वाक्य सरळ बोलला नव्हता, तो कोट हातावर घेऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "छान झालंय."

आत्याने डोळ्यांवरचं कापड काढलं नव्हतं. पण मी तिचे हात पाहिले. गुडघ्यांवर ठेवलेले दोन्ही हात तिने एकमेकांत दाबून धरले. "कोट ठेवा मास्तर," ती म्हणाली. "ठेवून जा." तो कोट ठेवून गेला. मग काळ्या कापडाखालून पाणी गालावर उतरू लागलं.

डॉक्टर आल्या त्या दिवशी आम्ही सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. डॉक्टर वयस्क बाई, थकलेल्या, आवाज जरा बसलेला. त्यांनी आत्याच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्यावर कपाळावरचा दिवा लावून भिंगातून आत बघितलं. किती वेळ बघत होत्या. आत्याने खुर्चीचा हात सोडला नाही. मी देवाला काय काय कबूल केलं ते आठवत नाही.

मग त्यांनी दिवा काढला आणि म्हणाल्या की मला आत काही बिघडलेलं दिसत नाही. आत्याने गादीखालचा कागद पुढे केला. मग हे लाल काय आहे?

डॉक्टरांनी कागदाकडे बघून सुस्कारा सोडला. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. या मशीनला स्वतःहून काही कळत नाही. ज्यांनी ते बनवलं त्यांनी आपल्या आसपासच्या काही शे निरोगी माणसांचे पडदे मोजले आणि ते मशीनमध्ये भरून ठेवले. आता ते प्रत्येकाला त्या माणसांशेजारी उभं करतं. त्यांच्यात एवढा पातळ पडदा क्वचितच कुणाचा निघाला असेल, तर लाल करतं. लाल म्हणजे आजार नाही. लाल म्हणजे त्या माणसांत तुमच्यासारखे फार थोडे. आणि आपल्याकडची माणसं त्या मोजणीत जवळजवळ नव्हतीच.

आपल्या बाजूच्या पुष्कळ लोकांचा पडदा मधोमध जन्मतःच थोडा पातळ असतो, त्या म्हणाल्या. पडद्याच्या मध्यावर एक खळगी असते, काहींच्यात ती जास्त खोल, जास्त पसरट. बायकांचा पुरुषांपेक्षा थोडा पातळ. डोळ्याचा गोळा मागे लांबट असेल, तर पडदा ताणून बसल्यामुळे आणखी पातळ. ही सगळी जाडी म्हणजे तरी किती, डोक्याचे तीन केस एकावर एक ठेवले तर होईल एवढी. त्यातला फरक केसाच्या तुकड्याएवढा.

पण असं का असतं, मी विचारलं. एका देशाच्या माणसांचा जाड, दुसऱ्यांचा पातळ?

त्या म्हणाल्या, उंची का वेगळी असते? नाक का? काही रक्तातून येतं, काही डोळ्याच्या आकारातून. सगळं अजून कुणालाच नीट ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्यासारखं मी बोलणार नाही.

आत्याने या सगळ्यातून एकच प्रश्न काढला. "डॉक्टरीणबाई, एवढंच सांगा. हा विरलेला आहे, की विणतानाच तलम विणलाय?"

डॉक्टर मग म्हणाल्या, "मला वाटतं तलम आहे. पण आज शपथेवर सांगता येणार नाही. तुमचं जुनं माप माझ्याकडे नाही. तलम असेल तर तो आहे तेवढाच राहील. विरत असेल तर पुढच्या मापात कमी भरेल."

म्हणजे थांबायचं. काही महिने. आणि माप याच मशीनवर, दुसरीकडे कुठे जायचं नाही, असं त्यांनी बजावलं. दुसरं मशीन पडद्याचा तळ वेगळ्या थरापासून धरतं, आकडा बदलतो, आणि माणसं उगाच धास्तावतात. कोटाची लांबी कुणी कॉलरपासून घेतं, कुणी खांद्यापासून, तसं, असं त्या म्हणाल्या, आणि आत्याने मान हलवली.

तेवढ्यात त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या मला म्हणाल्या, तुम्ही यांच्या रक्ताच्या ना? बसा बरं मशीनवर. मी बसले. मला लांबचं, जवळचं, सगळं स्वच्छ दिसत होतं. हनुवटी टेकवली, हिरव्या फुलीकडे बघितलं.

माझाही मधला भाग लाल आला.

डॉक्टरांना त्यात दिलासा दिसत होता. बघा, त्या म्हणाल्या, घरातच पातळ असतो. पण आत्याने तो कागद बघितला आणि ती खुर्चीतून उठली. आत्तापर्यंत ती स्वतःसाठी घाबरली होती. आता जे तिच्या चेहऱ्यावर आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या बापाला होतं हे, ती म्हणाली. आबांना. मग मला. आता पोरीला. खोलीतला दिवा, डॉक्टरांचा पांढरा कोट, मशीनवरची धूळ, सगळं मी असं बघू लागले जसं शेवटचं बघतेय.

डॉक्टरांनी आत्याला बसवलं. वडिलांचे डोळे कसे गेले, त्यांनी विचारलं. कसं दिसायचं त्यांना? आत्याने सांगितलं, सगळं धुरकट. दिव्याभोवती कडं. आभाळ आलंय म्हणायचे. आणि बाहुल्या? डॉक्टरांनी विचारलं. बाहुल्यांचा रंग कसा होता शेवटी? आत्या म्हणाली, पांढऱ्या. दुधाच्या थेंबासारख्या.

"मग तो मोतीबिंदू होता," डॉक्टर म्हणाल्या. "त्याचा पडद्याच्या जाडीशी काही संबंध नाही. कधी दाखवलं नाही का त्यांनी कुणाला?"

नव्हतं दाखवलं. दाखवलं तर खरं ठरेल म्हणून आजोबांनी कुणाला दाखवलं नव्हतं, आणि आत्यानेही त्यांच्या हो ला हो केलं होतं. मोतीबिंदू काढता आला असता. वाटेत थेंबांमुळे तिला सगळं भगभगीत दिसत होतं, माझा दंड धरून चालत होती. जिन्याशी आल्यावर म्हणाली, आबा भीतीने आंधळे झाले गं.

त्या दिवशी तिने काळं अस्तराचं कापड घडी करून पेटीत टाकलं. पण भीती काही पेटीत गेली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज एकेक डोळा झाकून खिडकीचे गज बघा, सरळ दिसतात का. वाकडे दिसले तर लगेच या. आत्या सकाळी उठली की गजांसमोर उभी. हा डोळा, मग तो डोळा. तिच्या पाठीवरून मला कळायचं की आज सरळ दिसले. खांदे खाली यायचे. मग मी वर जाऊन, कुणाला न सांगता, माझे गज बघायची.

राखाडी कोट तसाच पडून होता. मास्तर मागायला येत नव्हता. रस्त्यात भेटला की हवापाण्याचं बोलायचा, अदबीने, आणि आत्या घरी येऊन म्हणायची, बघ, अजून गप्पच आहे.

थंडी गेली, दिवस लांबले, आणि पुन्हा मापाची वेळ आली. मशीनवरची मुलगी या खेपेला हसली नाही. हनुवटी, कपाळ, हिरवी फुली. आत्याचा श्वास मला ऐकू येत होता. कागद आला. मधला भाग लाल. तसाच लाल.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून आकड्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी चष्मा काढला. आहे तेवढाच आहे, त्या म्हणाल्या, तसूभर हललेला नाही. माझाही मोजला, तोही तिथेच होता. वर्षाने पुन्हा या, म्हणाल्या. मशीन पुढच्या वर्षीही लालच दाखवील, त्याला इलाज नाही, त्याला तुम्ही माहीत नाही.

आत्याने विचारलं, वर्षाने नक्की बोलवाल ना? अजून घाबरलेलीच होती ती. मला वाटतं, पुढे जन्मभर थोडी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने खिडकीचा पडदा पुरता बाजूला सारला. राखाडी बाही मांडीवरच्या पांढऱ्या फडक्यावर घेतली आणि ती गाठ उसवू लागली. उसवणं भरण्याहून अवघड. एक धागा जास्त ओढला तर सगळी वीण जाते. मी कामावर गेले, आले, तरी ती तिथेच. ओठांत सुई. मधूनच हात थांबवायची, डोळे मिटायची. मग पुन्हा उघडायची.

काम झालं तेव्हा संध्याकाळ अजून व्हायची होती. कोट हातावर टाकून ती रस्ता ओलांडून गेली, मी दारात उभी राहिले. मास्तरने मशीन थांबवलं. त्याने बाही घेतली, अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. कोट घेऊन तो दुकानाबाहेर आला, बाही उंच धरली, डोळे बारीक केले.

"दुसरीच बाही दिली की काय, बाई?" तो म्हणाला. "माझ्याच कोटात मला फसवता?"

आत्या वळली आणि गल्लीच्या टोकाकडे, जिकडे नदी आहे तिकडे, चालू लागली. कुठे जाते म्हणून मी विचारलं नाही. भिंत तिच्या उजव्या हाताला होती, हात लावण्याएवढी जवळ, पण तिचे दोन्ही हात पाठीमागे एकात एक होते. मास्तर कोट तसाच उजेडाला धरून उभा होता, पण आता बघत होता तिच्याकडे. आणि दारातून मी, एक डोळा झाकून, मग दुसरा.